'काश'ची गोष्ट

हिंदी गाण्यांतला 'काश' माहितीये ना? मूळचा फारसी. तोच शब्द अझरबैजानी भाषेतही आहे. विसाव्या शतकात त्याची लिपी तीनदा बदलली: १९२९ मध्ये अरबी जाऊन लॅटिन आली, १९४० पासून सिरिलिक, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा परत लॅटिन. शब्द मात्र तोच राहिला.

गंमत पुढे आहे. 'काश बिलॅयदिम' म्हणजे 'मला माहीत असतं तर!' आत्ता की तेव्हा? दोन्ही चालतं. आपल्या मराठीसारखंच. इंग्रजीत मात्र दोन वाटा: आत्तासाठी 'आय विश आय न्यू', तेव्हासाठी 'आय विश आय हॅड नोन'. समजा, बाकूतला मुलगा वडिलांच्या आजारपणाबद्दल हळहळतोय आणि 'हॅड' राहून गेला. ऐकणाऱ्याला वाटणार, याला अजूनही माहीत नाही! पश्चात्ताप पोचलाच नाही.

पण आत्ताच्या इच्छेला भूतकाळ का? जुन्या इंग्रजीत न घडलेल्या गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती. शेवटचे स्वर झिजले आणि ती साध्या भूतकाळासारखी दिसू लागली. 'आय विश आय वेअर' मधला 'वेअर' हा त्यांचाच अवशेष. आणि 'बिलॅयदिम'मध्येही 'इदी', म्हणजे 'होता', दडलाय. मराठीतही आपण 'आला असता' म्हणतो, तिथे 'आला' भूतकाळाचंच रूप. जे हातात नाही, ते तिन्ही भाषा भूतकाळाकडे ढकलतात.

म्हणून नियम पाठ करण्याआधी एवढंच विचारा: हळहळ आत्ताची की तेव्हाची? चला, भेटू पुढच्या भागात.