बरोबरची खूण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बांधकामाच्या भाषेकडे मी कवी म्हणून नेहमीच कान लावून असतो. इमारत, मजला, गिलावा हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. मिस्त्री पोर्तुगीजांनी दिला. कोपरा काटकोनात आहे का हे दाखवणारा गुण्या ग्रीकांकडून फारसीत गेला आणि तिथून आपल्या गवंड्याच्या पिशवीत येऊन पडला. या सगळ्यांच्या कामावर नजर ठेवते ती यादी, आणि हा शब्दही फारसीच. ‘याद’ म्हणजे आठवण. तेव्हा यादी म्हणजे कागदावर उतरवून ठेवलेली आठवण. आज तिच्याविषयी बोलायचं कारण असं की, ही आठवण लिहून काढायचं काम आता माणसाच्या हातून यंत्राकडे चाललं आहे.

बॅबिलोनच्या हम्मुराबीचं यादीवाचून अडलं नव्हतं. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या त्याच्या कायद्यात हिशेब सरळ आहे. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. ही सगळी व्यवस्था घर पडल्यानंतरची. ते पडण्याआधी कोणी काय बघायचं, याबद्दल तिथे चकार शब्द नाही.

आपल्याकडे १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. या खात्याच्या ‘एम. बी.’ला, म्हणजे मोजमाप पुस्तकाला, आजही कंत्राटदार वचकून असतात. त्याची पानं छापील क्रमांकाची असतात. आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक दिसली पाहिजे आणि ती सुधारणाराही दिसला पाहिजे. कवितेच्या वह्यांना हा नियम लावला तर आमची पंचाईत होईल, पण इमारतीच्या बाबतीत तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

तपासणी यादीचा आजचा अवतार मात्र विमानाच्या कोठीतून आला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं ‘मॉडेल २९९’ हे नवं विमान उडालं आणि लगेच कोसळलं. वैमानिक कसलेला होता. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची तेवढी राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी छोट्या याद्या आल्या. शल्यविशारद अतुल गावंडे यांनी २००९ साली याद्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. ऑपरेशन थिएटरसाठी यादी हवी म्हणून हा डॉक्टर इतरांबरोबर इमारती बांधणाऱ्यांकडेही शिकायला गेला. तिथे त्यांना भिंतीवर दोन प्रकारचे कागद दिसले. एकावर कोणती कामं कधी व्हायची, आणि दुसऱ्यावर कोणी कोणाशी कोणत्या तारखेच्या आत बोलायचं. मला हा दुसरा कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे सांगतो.

आता यंत्राकडे वळू. ‘एजंट’ म्हटलं की आपल्याला विमावाला आठवतो. संगणकातला एजंट म्हणजे नुसती उत्तरं न देता कामं उरकणारी कृत्रिम बुद्धी. बांधकाम कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासणीच्या याद्या आधीपासून आहेत, पण त्या माणसानं पडद्यावर बोट ठेवून भरायच्या. एजंटला बोट नाही. त्याच्यासाठी वेगळं दार लागतं, ठरलेल्या आज्ञांचं. नवी यादी कर, तिच्यात विभाग घाल, प्रश्न घाल, उत्तर ‘हो-नाही’त हवं की आकड्यात की छायाचित्रात ते ठरव, आणि यादी अमक्या इंजिनिअरकडे पाठव. अशी दारं एकसारखी असावीत म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेत जाहीर केला.

म्हणजे घडतं काय? समजा, स्लॅब ओतायचा आहे. एजंट नकाशे आणि कामाचं तपशीलपत्रक वाचतो. सळ्यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर, खालचे कव्हर ब्लॉक, सेंटरिंगचे टेकू, विजेच्या नळ्या यांचे प्रश्न मांडतो. टेकू कधी काढायचे तेही लिहितो. २००० सालच्या ‘आयएस ४५६’ प्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, मोठा असेल तर १४. ज्युनिअर इंजिनिअरची संध्याकाळ खाणारं काम काही मिनिटांत होतं. यात मला वाईट काही दिसत नाही. जुनी यादी झेरॉक्स करून तिच्यावर नुसतं जागेचं नाव बदलण्यापेक्षा हे नक्कीच बरं.

अर्थात यादी नसेलच तर तिथे यंत्र तरी काय करणार? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली.

पण जिथे नकाशे होते, अभियंते होते, शिक्के होते, तिथलं काय? कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दालनात छतापासून पोलादी सळयांनी पादचारी पूल टांगले होते. चौथ्या मजल्याचा पूल वर, दुसऱ्याचा बरोबर त्याच्याखाली. मूळ कल्पना अशी की एकच लांब सळई छतातून निघून दोन्ही पुलांना पेलेल. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं कटकटीचं म्हणून पोलादकाम करणाऱ्यांनी बदल सुचवला. एक सळई छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, आणि दुसरी त्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला फरक नाही. पण एका दोराला दोन माणसं वरखाली लोंबकळत असावीत आणि खालच्यानं दोर सोडून वरच्याचे पाय धरावेत, तसं झालं. चौथ्या मजल्याच्या नटवर दुप्पट भार आला. नंतरच्या सरकारी तपासात दिसलं की मूळची जोडणीसुद्धा शहराच्या नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या ६० टक्केच होती.

१७ जुलै १९८१च्या संध्याकाळी दालनात नाच चालू असताना दोन्ही पूल खाली आले. ११४ माणसं मेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. बदललेल्या नकाशावर अभियंत्याचा शिक्का होता. पोलादवाल्यांना वाटलं, शिक्का आहे म्हणजे गणित झालं. अभियंत्यांकडे ते गणित झालेलंच नव्हतं. पुढे मिसुरी राज्यानं दोन अभियंत्यांचे परवाने रद्द केले.

आजचा एजंट या हॉटेलची यादी करायला बसला असता तर त्यानं तो बदललेला, शिक्का मारलेला नकाशाच खरा धरला असता आणि विचारलं असतं : सळया नकाशाप्रमाणे आहेत का? इंजिनिअरनं वर बघितलं असतं आणि प्रामाणिकपणे बरोबरची खूण केली असती. गावंडेंनी पाहिलेला तो दुसरा कागद इथे हवा होता. मूळ नकाशात बदल झाला का, तो करण्यापूर्वी कोण कोणाशी बोललं, गणित कोणी मांडलं, त्याचं नाव काय? हा प्रश्न एजंटला घालता येतो, फक्त तो घाल म्हणून कोणीतरी सांगायला हवं. आणि त्याच्या उत्तराला ‘हो-नाही’चा चौकोन देऊ नये. तिथे एम. बी.सारखी सही मागावी.

त्या हॉटेलच्या दालनात नंतर एकच पूल बांधला, दुसऱ्या मजल्यावर. तो टांगलेला नाही. खालून जाड खांबांवर उभा केला आहे.