गोषवाऱ्याची गोष्ट

'गोषवारा' हा शब्द आपल्याला सरकारी कागदांवर हमखास भेटतो. फारसीत 'गोश' म्हणजे कान आणि 'गोशवारा' म्हणजे कानातले डूल. हिशेबाच्या सारांशालाही फारसीत हाच शब्द आहे. मी पडलो कवी माणूस, मला हे नाते फार आवडते. धन्याच्या कानाशी सतत लटकत असतो तो गोषवारा! दफ्तर, हिशेब, जमा, खर्च हे शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. आज कंपन्यांमध्ये या गोषवाऱ्याला 'रिपोर्ट' म्हणतात आणि तो संगणक काढतो. निदान तसा समज आहे.

माझा एक भाचा पुण्यात प्रोग्रामर आहे. एकदा ईदला घरी आला तोच मुळी वैतागलेला. म्हणाला, "मामू, नवीन काही बनवायला मिळतच नाही. दिवसभर रिपोर्ट. साहेब म्हणतात विक्रीचा आकडा चुकलाय. मी तपासतो, आकडा बरोबर असतो. तरी मीटिंगमध्ये बोलणी मलाच."

मी बी.ए. झालेला माणूस, संगणकातले मला काय कळणार? पण इतिहासाची आवड आहे. म्हणून या रिपोर्टचे मूळ शोधत गेलो, आणि भाच्याचे दुखणे बरेच जुने निघाले.

सुरुवात अमेरिकेतली. तिथल्या १८८० च्या जनगणनेचे आकडे हाताने जुळवता जुळवता सात-आठ वर्षे गेली. तेव्हा हर्मन हॉलेरिथ या अभियंत्याने जाड कागदाच्या कार्डांना भोके पाडून माहिती नोंदवायची आणि यंत्राने ती मोजायची अशी युक्ती काढली. १८९० ची जनगणना या यंत्रांनी मोजली. सव्वासहा कोटींहून अधिक माणसे, पण एकूण आकडा काही महिन्यांत हाती आला. पुढे हॉलेरिथची कंपनी इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये त्या कंपनीचे नाव आयबीएम झाले. रेल्वे, विमा कंपन्या, कारखाने यांचे हिशेब या यंत्रांवर होऊ लागले. पुढच्या काळातल्या यंत्रांना भोकांची एक पाटी असे. कोणता आकडा कुठे छापायचा, कशाची बेरीज करायची, ते त्या भोकांत तारा खुपसून ठरवायचे. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर करीत तसे. रिपोर्ट बदलला की तारांची जोडणीही बदलावी लागे. आजच्या रिपोर्टवाल्या प्रोग्रामरचा पूर्वज म्हणजे हा तारा जोडणारा माणूस.

१९५९ मध्ये आयबीएमने १४०१ नावाचा संगणक जाहीर केला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे तो येऊनही पोहोचला होता. तारांच्या पाट्यांना सरावलेल्या लोकांना या संगणकावर रिपोर्ट काढता यावेत म्हणून आरपीजी ही भाषा तयार झाली. तिच्या नावाचाच अर्थ 'रिपोर्टचा प्रोग्राम तयार करणारी'. ठरावीक तक्ते भरा, रिपोर्ट घ्या.

त्याच सुमारास ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाई आग्रहाने सांगत होत्या की व्यापारातल्या माणसांना बीजगणिताची चिन्हे नकोत, त्यांना साधे इंग्रजी शब्द हवेत. त्यांच्या कामाच्या पायावर १९६० मध्ये कोबोल ही भाषा उभी राहिली. ती साहेबांनाही वाचता येईल अशी आशा होती. साहेबांनी काही ती वाचली नाही. प्रोग्रामर मात्र रात्रंदिवस कोबोल लिहीत बसले आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदांचे ढीग छापून निघू लागले.

१९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याचा विचार सुचवला. त्यावर १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एक भाषा रचली, तीच आजची एसक्यूएल. गंमत अशी की ती प्रोग्रामरसाठी नव्हतीच. हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार अशा माणसांनी संगणकाला स्वतः प्रश्न विचारावेत, हा तिचा हेतू होता. आज ती कोण लिहितो? माझा भाचा!

नव्वदच्या दशकात माऊसने चित्रासारखा रिपोर्ट रचण्याची सॉफ्टवेअरे आली. क्रिस्टल रिपोर्ट्स हे त्यातले आपल्याकडेही घरोघरच्या प्रोग्रामरना ठाऊक असलेले नाव. पडद्यावर आडवे पट्टे असत: वर शीर्षक, मध्ये तपशील, खाली बेरीज. उचला आणि ठेवा, झाला रिपोर्ट. पण समजा, एका बिलाचे पैसे तीन हप्त्यांत आले. बिलांची यादी आणि हप्त्यांची यादी नुसती जोडली की ते बिल तीनदा उमटते आणि बेरीज तिप्पट होते. सॉफ्टवेअर हूं की चूं करीत नाही, कारण त्याच्या लेखी सांगितले तसे झालेले असते.

फ्रान्समध्ये १९९० साली निघालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्स या कंपनीने यावर उपाय काढला. साहेबांना संगणकातली आडनिडी नावे दिसूच नयेत, 'ग्राहक', 'विक्री', 'नफा' असे ओळखीचे शब्द दिसावेत, म्हणून मध्ये एक शब्दांचा पडदा ठेवायचा. त्या पडद्याला त्यांनी नाव दिले 'युनिव्हर्स', म्हणजे विश्व. कल्पना सुंदरच होती. पण ते विश्व रचायचे कोणी? 'विक्री' या शब्दामागे नेमका कोणता आकडा बसवायचा, हे कोणी तरी आधी ठरवायला हवे होते.

मंडळी, सगळी मेख इथे आहे. साठ-सत्तर वर्षे प्रत्येक पिढीला सांगितले गेले की आता प्रोग्रामर लागणार नाही, साहेबच रिपोर्ट काढतील. प्रत्येक वेळी ते काम फिरून प्रोग्रामरच्याच टेबलावर आले. अवघडपणा रिपोर्ट रेखाटण्यात असता तर तो केव्हाच सुटला असता. अवघडपणा शब्दांच्या अर्थात आहे. विक्री विभागाच्या मते ऑर्डर आली की विक्री झाली. गोदामवाल्याच्या मते माल दाराबाहेर पडला की झाली. खजिनदार म्हणतो, पैसे हातात आल्याशिवाय कसली विक्री? तिघेही आपापल्या जागी खरे. आकडे तीन निघतात आणि भांडण प्रोग्रामरशी होते. कंपनीने आपसात जे ठरवलेले नाही ते त्याला एकट्याला रात्री अकरा वाजता ठरवावे लागते, आणि सकाळी त्याचा जाब द्यावा लागतो.

यात एकट्या प्रोग्रामरचेच हाल होतात असे मात्र नाही. कोरोनाच्या काळात, २०२० च्या शरद ऋतूत, इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून आलेले निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींत गोळा केले जात होते. त्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी होत होत्या. फाइल भरली आणि पुढचे रुग्ण गळाले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला उशीर झाला. कागदावरची बेरीज नीटनेटकी होती. तिच्यात माणसे कमी आहेत, हे तिच्याकडे पाहून कोणाला कळणार?

आमच्या कवितेच्या धंद्यात शब्दाचा अर्थ थोडा सैल ठेवला तर चालते, कधी कधी तेच हवे असते. हिशेबात तसे चालत नाही. म्हणून मला वाटते, रिपोर्टवर बेरीज छापण्याआधी दोन ओळी छापाव्यात: इथे 'विक्री' म्हणजे काय धरले आहे आणि काय वगळले आहे. त्या ओळी साहेबांनी आणि प्रोग्रामरने एकत्र बसून लिहाव्यात. तास-दोन तास जातील, पण मीटिंगमधले भांडण तरी वाचेल.

'फडणीस' हा शब्दही फारसीच. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा तो फर्दनवीस. पेशवाईत हे पद केवढे मानाचे होते ते नाना फडणविसांच्या नावावरून आपल्याला ठाऊक आहे. राज्याच्या हिशेबाचे कागद ज्याच्या हाती, त्याला मसलतीत जागा होती. आजच्या फडणिसाला आपण मागच्या खोलीत बसवतो आणि आकडा आवडला नाही की तेवढ्यापुरते पुढे बोलावतो. त्याला मसलतीतच एक खुर्ची दिली तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.