नाणेफेकीपासून शूटआउटपर्यंत

एखादा देश मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठतो, तीही नाणेफेक जिंकून, हे आज कुणाला खरे वाटणार नाही. पण ५ जून १९६८ रोजी नेपल्समध्ये असेच घडले. युरोपीय अजिंक्यपदाच्या उपान्त्य सामन्यात इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही ०-० असे बरोबरीत राहिले. नाणे उडवले गेले. इटलीचा कर्णधार फाकेत्ती याने कौल जिंकला, आणि एकही गोल न खाल्लेला सोव्हिएत संघ अंतिम फेरीला मुकला. पुढे इटलीने अजिंक्यपदही मिळवले.

त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाविरुद्ध चिठ्ठी टाकून इस्रायलला बाहेर काढले गेले. तेव्हा त्या देशाच्या योसेफ दगान यांनी पर्याय सुचवला: निकाल निदान खेळाडूंच्या पायांनी लागू दे. जून १९७० मध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने तो मान्य केला. दोन्ही संघांना पाच-पाच पेनल्टी आणि तरीही बरोबरी राहिली, तर पुढे एकेक.

दैवाचा अन्याय दूर झाला, पण त्याच्या जागी एक नवे ओझे आले. नाणे उलटे पडले तर दोष कुणाचाच नसे. आता पराभवाला माणसाचे नाव चिकटू लागले. १९७६ साली बेलग्रेडच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या हनेसने चेंडू गोलखांबावरून उडवला. १९८२ मध्ये सेव्हिल येथे विश्वचषकातले पहिले शूटआउट झाले, तेव्हा ही पाळी फ्रान्सच्या बॉसीवर आली.

सर्वांत बोलके उदाहरण १९९४ चे. बाद फेरीत पाच गोल करून रोबेर्तो बाजोने इटलीला अंतिम सामन्यात नेले होते. ब्राझीलविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याच्याआधी बारेसी आणि मासारो हेही चुकले होते. पण शेवटची पेनल्टी बाजोची होती, म्हणून जगाच्या लक्षात राहिला तो मान खाली घालून उभा असलेला बाजो.

२०२१ च्या युरोपीय अंतिम सामन्यात इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो आणि साका चुकले, तेव्हा या कृष्णवर्णीय तरुणांवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला.

नियम म्हणून शूटआउट नाणेफेकीपेक्षा न्याय्य आहे, यात शंका नाही. मात्र दोन तास अकरा जणांनी मिळून खेळल्यावरही ज्या सामन्याचा निकाल लागला नाही, त्याचा पराभव एकट्याच्या माथी मारू नये, एवढी जाण प्रेक्षक म्हणून आपण ठेवायला हवी.