विमानतळावरील सामान तपासणी : नजरेची नोकरी

विमानतळावरील सुरक्षा तपासणी ही प्रवाशाच्या लेखी दहा-पंधरा मिनिटांची कटकट असते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यासमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र प्रत्येक बॅगेविषयी काही सेकंदांतच निर्णय घ्यावा लागतो. बॅग पुढे सोडायची, की बाजूला काढून उघडायची? 

पुण्याचे लोहगाव विमानतळ मूळचे हवाई दलाचे. १९३९ साली ब्रिटिशांनी येथे तळ उभारला आणि धावपट्टी आजही हवाई दलाच्याच ताब्यात आहे. प्रवासी टर्मिनलचा कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे, तर प्रवाशांची व त्यांच्या हातातील सामानाची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. नवे टर्मिनल १४ जुलै २०२४ रोजी सुरू झाले. जागा वाढली, तपासणीचे तत्त्व मात्र तेच राहिले.

कारखान्यांच्या रक्षणासाठी १९६९ साली स्थापन झालेले हे दल विमानतळांवर आले ते एका अपहरणामुळे. त्यापूर्वी हे काम राज्य पोलिसांकडे असे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला नेण्यात आले आणि ओलिसांच्या सुटकेसाठी तीन दहशतवाद्यांना सोडावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ टप्प्याटप्प्याने या दलाकडे सोपविले गेले. नियम ठरविण्याचे काम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे. या ब्युरोचा जन्मही १९७६ च्या अपहरणानंतरचा, आणि त्याला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला तो १९८५ मधील 'कनिष्क' दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये. त्या स्फोटात ३२९ जणांचा बळी गेला होता. नियमावलीतील बहुतेक कलमांमागे अशी एखादी घटना असते.

पडद्यावर बॅग रंगीत दिसते. कपडे, अन्न, कागद, प्लॅस्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधल्या घनतेचे पदार्थ हिरवे दिसतात. किरणांना पार होऊ न देणारी वस्तू काळी दिसते. स्फोटकेही बहुधा सेंद्रिय असल्याने नारिंगीच दिसतात. म्हणजे डब्यातील मिठाई आणि घातक पदार्थ यांत रंगाने फरक पडत नाही. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, कारण त्याची बॅटरी व आतील भाग खालच्या वस्तू झाकून टाकतात.

परंतु या कामातील खरी अडचण रंगांची नाही. धोकादायक वस्तू जवळजवळ कधीच येत नाही, ही ती अडचण होय. अमेरिकी संशोधक जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती नजरेतून सुटण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते; शंभरांत एकाच चित्रात असताना ते ३० टक्क्यांवर गेले. विमानतळावर तर प्रमाण याहून कितीतरी कमी. 'काही नाही' हे उत्तर हजारो वेळा बरोबर ठरले की डोळ्यांना त्याची सवय होते.

म्हणूनच यंत्र अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात पिस्तूल किंवा स्फोटकाची खोटी प्रतिमा मिसळते आणि कर्मचाऱ्याने ती ओळखली की नाही, याची नोंद ठेवते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सलग २० मिनिटांहून अधिक काळ प्रतिमा पाहता येत नाहीत. त्यानंतर किमान १० मिनिटे डोळ्यांना विसावा द्यावा लागतो. गर्दीच्या वेळी रांग तुंबली की प्रवासी घड्याळाकडे बोट दाखवतात. त्या दडपणाखाली घाई न करणे, हाही नोकरीचाच भाग म्हणावा लागेल. ढिलाईची किंमत अमेरिकेत २०१५ मध्ये दिसली. सरकारी पथकांनी गुप्तपणे केलेल्या ७० चाचण्यांपैकी ६७ वेळा बंदी असलेल्या वस्तू तपासणीतून पार झाल्या आणि संबंधित यंत्रणेच्या हंगामी प्रमुखांना पद सोडावे लागले.

वाद होतात ते बहुधा साध्या वस्तूंवरून. देवदर्शनाहून आणलेला नारळ केबिनमध्ये नेता येत नाही, हे अनेकांना रांगेतच कळते. (शबरीमलाच्या यात्रेकरूंना ऑक्टोबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळात खास सवलत द्यावी लागली होती.) सुके खोबरे तर आपोआप तापून पेट घेऊ शकणारा माल म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत १३६३ या क्रमांकाने नोंदलेले आहे. पॉवर बँक मात्र उलट. ती हातातील सामानातच हवी, कारण मालकक्षात लिथियम बॅटरीला आग लागली तर ती विझवायला कोणी नसते.

या कामात येण्याचे दोन मार्ग आहेत. औद्योगिक सुरक्षा दलातील शिपाई व उपनिरीक्षक पदांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांतून होते. शिपायासाठी दहावी, तर उपनिरीक्षकासाठी पदवी आवश्यक असते. मात्र दलात गेल्यावर नेमणूक विमानतळावरच होईल, याची हमी नसते. दुसरा मार्ग विमान कंपन्या व प्राधिकरणाच्या उपकंपनीतील स्क्रीनर पदाचा. ही मंडळी प्रामुख्याने चेक-इन सामान आणि मालवाहतूक तपासतात. कोणत्याही मार्गाने आले तरी ब्युरोचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र परीक्षा चुकत नाही आणि ती ठरावीक मुदतीने पुन्हा द्यावी लागते. रंगांधळेपणा असल्यास हे काम मिळत नाही.