‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही एरर का येते? सर्व्हर हेडर्स कधी पाठवतो ते समजून घ्या

मोबाईलवर साइट उघडली की आपल्याला फक्त पान दिसतं. पण त्या पानाआधी सर्व्हर ब्राउझरला काही सूचना पाठवतो. त्यांना रिस्पॉन्स हेडर्स म्हणतात. कुकी सेव्ह कर, दुसऱ्या पानावर जा, ही फाइल डाउनलोड कर, अशा सूचना त्यात असतात.

एचटीटीपीमध्ये क्रम ठरलेला आहे: आधी स्टेटस (२०० किंवा ४०४), मग हेडर्स, शेवटी मजकूर. मजकुराचं पहिलं अक्षर गेलं की हेडर्स बदलता येत नाहीत. पोस्टात टाकलेल्या पाकिटावरचा पत्ता बदलता येतो का? तसंच.

माझी चूक

मी मंडळाच्या वर्गणीसाठी पीएचपीमध्ये छोटी साइट बनवली होती. पानावर आधी यादी छापायची, मग नवीन नोंद सेव्ह करून लोकेशन हेडरने पावतीच्या पानावर पाठवायचं, असा माझा कोड होता. सुरुवातीला सगळं मस्त चाललं. यादी वाढली आणि एके दिवशी पावती उघडेनाच. नोंद मात्र सेव्ह होत होती. पोरांनी पुन्हा बटण दाबलं आणि एकाच माणसाची वर्गणी दोनदा लागली! हिशेब जुळवताना माझा घाम निघाला.

असं का झालं?

माझ्या सर्व्हरवर पीएचपीचं आउटपुट बफरिंग ४०९६ बाइट्सचं होतं. मजकूर तेवढा भरेपर्यंत तो थांबून राहतो आणि हेडर्सही थांबतात. बफर भरला की दोन्ही निघून जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, ३ बाइट्स घेतं. म्हणजे जेमतेम १३६५ चिन्हांत बफर फुल्ल! काही होस्टिंगवर हे बफरिंग बंदच असतं. तिथे अशी चूक पहिल्याच दिवशी पकडली जाते.

उपाय

१. फॉर्म तपासणं, सेव्ह करणं, सेशन सुरू करणं, रीडायरेक्ट करणं ही कामं फाइलच्या सुरुवातीला करा. एचटीएमएल त्यानंतर.

२. रीडायरेक्टनंतर लगेच ‘एक्झिट’ लिहा. नाहीतर खालचा कोड चालूच राहतो.

३. पीएचपी सुरू होण्याआधी रिकामी ओळ किंवा स्पेस नको. फाइल ‘बॉम’शिवाय सेव्ह करा. बॉम म्हणजे सुरुवातीचे ३ न दिसणारे बाइट्स. तेही मजकूरच धरले जातात.

४. एरर नीट वाचा. मजकूर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीपासून सुरू झाला, ते त्यातच लिहिलेलं असतं.

सगळंच बफर केलं तर?

‘ओबी स्टार्ट’ फंक्शन वापरून पूर्ण पान अडवून ठेवता येतं. त्याचा एक फायदा आहे: मध्येच डेटाबेस बिघडला तर स्टेटस ५०० करता येतो. नाहीतर २०० आधीच गेलेला असतो आणि अर्धवट पान ‘सगळं ठीक’ म्हणून पोचतं. पण तोटाही आहे. पान मोठं असेल तर सगळं तयार होईपर्यंत स्क्रीन कोरी राहते. स्लो नेटवर ते लगेच जाणवतं. अशा वेळी हेडर्स पक्के झाले की ‘फ्लश’ करून वरचा भाग लवकर पाठवावा.

मी शेवटी सेव्ह करण्याचा कोड यादीच्या वर नेला. बदल चार ओळींचा होता, पण दुबार नोंदी थांबल्या. तुमच्या कोडमध्येही पहिलं अक्षर कुठून छापलं जातं, ते आजच बघा!