सहा जागांची किंमत

वायमारला मी गेले ती गटेच्या ओढीने. 'शाकुंतल' अनुवादातून वाचून भारावून गेलेला हा जर्मन महाकवी आपल्याला परका वाटत नाही. त्याचे घर पाहिले, राष्ट्रीय रंगमंदिरासमोरचा गटे आणि शिलर यांचा जोडपुतळा पाहिला. याच रंगमंदिरात १९१९ साली जर्मनीची राष्ट्रसभा बसली आणि प्रजासत्ताकाची राज्यघटना संमत झाली. 'वायमार प्रजासत्ताक' हे नाव त्यावरून पडले. संध्याकाळी थोडा वेळ हाताशी होता, म्हणून 'बाऊहाउस' या गाजलेल्या कलाशाळेची जुनी इमारत पाहायला गेले. तिथे भिंतींवर ओस्कार श्लेमरने योजलेल्या मानवाकृती आहेत. पण त्या मूळच्या नव्हेत, मागाहून पुन्हा घडवलेल्या. मूळ काम १९२३ चे. ते ऑक्टोबर १९३० मध्ये सरकारी आश्रयाने नष्ट करण्यात आले.

१९३० या आकड्यापाशी मी अडखळले. तीस वर्षे मी महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवला. व्हर्साय, महागाई, महामंदी, बेकारी आणि मग ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर, अशी साखळी फळ्यावर किती वेळा काढली असेल! १९३० मध्ये तर प्रजासत्ताक शाबूत होते, निवडणुका होत होत्या, न्यायालये चालू होती. मग भिंतींवरची चित्रे पुसण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला? परत आल्यावर या प्रश्नाचा माग काढत गेले. जे हाती लागले त्यामुळे माझीच जुनी टिपणे मला अपुरी वाटू लागली. त्यांत थुरिंगियाचे नावसुद्धा नव्हते.

थुरिंगिया हे जर्मन संघराज्यातले एक लहानसे राज्य आणि वायमार त्याची तेव्हाची राजधानी. ८ डिसेंबर १९२९ रोजी तिथल्या विधानसभेची निवडणूक झाली. ५३ जागांपैकी नाझी पक्षाला मिळाल्या ६; मते ११.३ टक्के. सर्वांत मोठा पक्ष सोशल डेमोक्रॅट्सचा होता, १८ जागांचा. डाव्या बाजूला कम्युनिस्टांच्याही ६ जागा होत्या, पण या दोन पक्षांतून विस्तव जात नव्हता. उजवीकडे जमीनधारक शेतकऱ्यांचा लांडबुंड, व्यापारी-घरमालकांचा आर्थिक पक्ष, उद्योजक आणि सुशिक्षित मध्यमवर्गाचा जर्मन पीपल्स पार्टी आणि जुने राष्ट्रवादी. हे सारे एकत्र आले तरी बहुमत होईना.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. सोशल डेमोक्रॅट्सशी तडजोड करायची किंवा नाझींचे सहा हात मिळवायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. महामंदीचे चटके अजून पुरते बसायचे होते. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून जेमतेम सहा आठवडे लोटले होते. तेव्हा 'भुकेने लोकांना वेडे केले' हे माझे वर्गातले आवडते वाक्य निदान या निर्णयाला लागू पडत नाही. निर्णय घेणारे पोट भरलेले, कायदा जाणणारे, चर्चला जाणारे लोक होते.

ही सोयरीक एका रात्रीत जुळली नव्हती. १९२४ सालीच थुरिंगियातल्या उजव्या सरकारने टोकाच्या राष्ट्रवाद्यांचा बाहेरून टेकू घेतला होता. बाऊहाउसचे अनुदान तोडले गेले, आणि १९२५ मध्ये ती संस्था वायमार सोडून देसाऊला गेली. १९२९ मध्ये देशपातळीवर वृत्तपत्रे आणि चित्रपट कंपनी हाती असलेल्या अल्फ्रेड हुगेनबेर्गने युद्धभरपाईच्या यंग योजनेविरुद्ध मोहीम उघडली आणि समितीत हिटलरला आपल्या शेजारी बसवले. वर्षभरापूर्वी २.६ टक्के मते मिळवणारा पुढारी एकाएकी प्रतिष्ठितांच्या पंगतीत आला. डिसेंबरातले सार्वमत सपशेल फसले. बाजूने जेमतेम १४ टक्के मतदार उतरले. पण हुगेनबेर्ग हरला तरी हिटलरला पंगतीतून उठवले कोणी नाही.

थुरिंगियाच्या वाटाघाटींत हिटलरने स्वतः लक्ष घातले. त्याने मुख्यमंत्रिपद मागितले नाही. अर्थखाते, शेतीखाते, काही नको. हवी होती दोनच खाती, गृह आणि शिक्षण. पोलीस आणि प्रशासन एका हाती, शाळा आणि रंगभूमी दुसऱ्या हाती, हा त्यामागचा हिशेब त्याने फेब्रुवारी १९३० च्या एका पत्रात उघड मांडून ठेवला आहे. दोन्ही खात्यांसाठी नाव एकच होते, विल्हेल्म फ्रिक. १९२३ च्या म्युनिकच्या फसलेल्या उठावात भाग घेतल्याबद्दल शिक्षा झालेला हा गृहस्थ. ज्या राज्यव्यवस्थेविरुद्ध त्याने बंड केले तिचेच पोलीस त्याच्या हाती द्यायचे, हे पीपल्स पार्टीला आरंभी पचेना. हिटलरने फेरनिवडणुकीची धमकी दिली, उद्योजकांकडून दबाव आणला. पक्ष नमला. जानेवारी १९३० मध्ये लांडबुंडच्या एर्विन बाउमच्या सरकारात फ्रिकने शपथ घेतली. जर्मनीच्या कोणत्याही राज्यातला तो पहिला नाझी मंत्री.

पुढचे चौदा महिने म्हणजे १९३३ ची रंगीत तालीमच. मार्चमध्ये विधानसभेनेच प्रशासनाच्या फेररचनेसाठी सरकारला विशेषाधिकार देणारा कायदा केला. त्याचा आधार घेऊन नकोसे अधिकारी दूर होऊ लागले. एप्रिलमध्ये 'निग्रो संस्कृती'विरुद्ध फतवा निघाला आणि जॅझ संगीतावर गदा आली. शाळांसाठी द्वेषाची छटा असलेल्या प्रार्थना सुचवल्या गेल्या. येना विद्यापीठात प्राध्यापकांचा विरोध डावलून हान्स ग्युंटर याच्यासाठी वंशशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. त्याच्या पहिल्या व्याख्यानाला हिटलर श्रोत्यांत बसला होता. वायमारच्या कलाशाळेवर पाउल शुल्त्से-नाउमबुर्ग आला. त्याच्या अमदानीत श्लेमरच्या भिंती पुसल्या गेल्या आणि राजवाड्यातल्या संग्रहालयातून क्ले, बार्लाख यांच्या कलाकृती उतरवल्या गेल्या. माझ्या प्रश्नाचे उत्तर असे या सहा जागांपाशी येऊन थांबते.

त्या काळी कोणी विरोधच केला नाही असे नाही. केंद्रातल्या गृहमंत्र्याने पोलिसांसाठीचे अनुदान रोखून धरले. घटनात्मक न्यायालयाने त्या प्रार्थनांपैकी काही घटनाबाह्य ठरवल्या. अखेर पीपल्स पार्टीलाही उपरती झाली. १ एप्रिल १९३१ रोजी तिने अविश्वास ठरावाला साथ दिली आणि फ्रिक पडला.

इथे मला सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटला होता, पण पुढचे आकडे पाहिले. सप्टेंबर १९३० मध्ये राइशस्टागच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या. जुलै १९३२ मध्ये थुरिंगियात त्यांना ४२.५ टक्के मते पडली आणि राज्याची सूत्रे फ्रित्स साउकेलकडे गेली. पीपल्स पार्टी नाममात्र उरली. चौदा महिन्यांत तिने आपल्या मतदाराला एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे नाझींना मत देण्यात काही लाजिरवाणे नाही. ते मंत्री होतात, शपथ घेतात, त्यांच्या सह्यांनी कागद फिरतात. दार पुन्हा लावले तरी ही शिकवण लोकांच्या मनातून पुसली गेली नाही.

'सत्तेची चव चाखू द्या, जबाबदारी पडली की निवळतील' हा युक्तिवाद तेव्हाही होता आणि तो मूर्खांचा नव्हता. एरवीच्या राजकारणात तो खराही ठरतो. आरडाओरडा करणारा विरोधक मंत्री झाला की फायलींखाली दबून मवाळ होतो. पण त्यासाठी त्याला राज्य चालवायचे असावे लागते. फ्रिकला राज्य ताब्यात घ्यायचे होते. ब्राउनश्वाइग या दुसऱ्या लहान राज्यात हीच कथा घडली. तिथे उजव्या पक्षांनी नाझींना सरकारात घेतले, आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये त्या सरकारने हिटलरला अधिकारी नेमून जर्मन नागरिकत्व मिळवून दिले. त्यामुळेच तो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू शकला.

मग ३० जानेवारी १९३३. फ्रान्झ फॉन पापेन आणि हुगेनबेर्ग यांनी जुळवलेल्या मंत्रिमंडळात नाझी तिघेच होते, बाकी सारे जुन्या वळणाचे उजवे. तिघांना आपण मधोमध कोंडले, अशी त्यांची खात्री होती. त्या तिघांकडे काय होते ते पाहा. हिटलर चॅन्सेलर; ग्योरिंगकडे प्रशियाचे गृहखाते, म्हणजे जर्मनीतले सर्वांत मोठे पोलीसदल; आणि साऱ्या देशाचा गृहमंत्री, तोच विल्हेल्म फ्रिक. थुरिंगियाचा हिशेब आता देशाच्या मापाने मांडला गेला.

हे अटळ होते का? इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न सोडत नाही. तुलनेसाठी शेजारच्या बेल्जियमकडे पाहिले. १९३६ साली लिऑन देग्रेलच्या रेक्सिस्ट पक्षाला तिथे सुमारे साडेअकरा टक्के मते आणि २१ जागा मिळाल्या. टक्केवारी जवळपास थुरिंगियातल्या नाझींइतकीच. एप्रिल १९३७ मध्ये देग्रेलने ब्रुसेल्सची पोटनिवडणूक स्वतः ओढवून घेतली. त्याच्याविरुद्ध पंतप्रधान पॉल व्हान झीलांड उभे राहिले आणि कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी इतकेच नव्हे, तर कम्युनिस्टही त्यांच्या पाठीशी राहिले. रेक्स पक्ष आला होता तो कॅथलिक वर्तुळातून. पण मतदानाच्या तोंडावर कार्डिनल व्हान रोय यांनी त्याचा उघड निषेध केला. व्हान झीलांड यांना पाऊणशे टक्क्यांहून अधिक मते पडली, देग्रेलला १९. दोन वर्षांनी रेक्सच्या जागा चारवर आल्या. बेल्जियमची परिस्थिती वेगळी होती, मंदी ओसरत होती, हे मान्य. तरीही तिथल्या कॅथलिक पुढाऱ्यांनी आपल्याच अंगणातून उठलेल्या माणसाला नकार दिला, आणि थुरिंगियातल्या भल्या गृहस्थांनी सहा मतांसाठी दिला नाही, हा फरक उरतोच.

फ्रिकला १६ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यूरेंबर्ग येथे फाशी झाली. साउकेललाही त्याच दिवशी. वायमारच्या माथ्यावरच्या एटर्सबेर्ग टेकडीवर १९३७ पासून बूखेनवाल्डची छळछावणी उभी होती. तिथे छप्पन्न हजारांच्या आसपास माणसे मेली. बाउमच्या मंत्रिमंडळातल्या कोणालाही हे हवे होते असे म्हणता येत नाही. त्यांना अंदाजपत्रक संमत करून घ्यायचे होते आणि समाजवाद्यांना बाहेर ठेवायचे होते.

निवृत्तीनंतरही अधूनमधून तास घ्यायला बोलावतात. आता मी फळ्यावरची साखळी ३० जानेवारी १९३३ पाशी आणून संपवत नाही. सुरुवातीलाच ५३ हा आकडा लिहिते, त्याखाली ६ लिहिते आणि मुलांना विचारते, यांतली कोणती खाती तुम्ही दिली असती? बहुतेक मुले शेती म्हणतात. एखादा हुशार मुलगा हिशेब मांडतो आणि म्हणतो, "मॅडम, सहाच तर आहेत, द्या की गृहखाते." वर्गात हशा पिकतो. मग मी त्यांना श्लेमरच्या पुसलेल्या भिंतींची गोष्ट सांगायला घेते.