साथीचा रोग आणि घरगुती औषधोपचार : रामटेक परिसराच्या संदर्भात एक विचार

साथीच्या काळात वैद्याचा सल्ला न घेता स्वतःच औषध घेण्याच्या लोकप्रवृत्तीकडे बहुधा अज्ञानाचे लक्षण म्हणून पाहिले जाते. रामटेक तहसिलीसारख्या ग्रामीण प्रदेशाच्या संदर्भात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा विचार केला असता हा निष्कर्ष अपुरा ठरतो.

जून १९१८ मध्ये मुंबईत प्रथम आढळलेली ही साथ सप्टेंबरपासून अधिक मारक रूपाने देशात पसरली. मराठी मुलखात तिला ‘मानमोडी’ हे नाव पडले. मरे, लोपेझ प्रभृती संशोधकांनी २००६ मध्ये निरनिराळ्या प्रदेशांची तुलना केली, तेव्हा साथीमुळे झालेल्या अधिक मृत्यूंचे प्रमाण मध्यप्रांत व वऱ्हाडात लोकसंख्येच्या ७.८ टक्के भरले. डेन्मार्कमध्ये ते अवघे ०.२ टक्के होते. नागपूर जिल्ह्यातील रामटेक तहसील याच प्रांतातली. गडावरील मंदिरांमुळे होणारी यात्रेकरूंची ये-जा, मनसर व कांद्री येथील मँगेनीजच्या खाणी आणि जवळची कामठीची लष्करी छावणी यांमुळे हा भाग बाह्य जगापासून अलिप्त नव्हता. त्यातच त्या वर्षी पाऊस अपुरा पडून धान्य महागले होते.

अशा वेळी खेड्यातील रोग्यापुढे कोणते मार्ग होते? नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ मध्ये नुकतेच सुरू झाले होते, आणि महायुद्धामुळे अनेक डॉक्टर लष्करी सेवेत गुंतले होते. डॉक्टर भेटला तरी त्याच्यापाशी रामबाण उपाय नव्हता. रोगाचे कारण म्हणून फायफर यांच्या जंतूकडे बोट दाखवले जाई. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये. या परिस्थितीत सुंठ, तुळस, मिरी यांचा काढा आणि लंघन या परंपरागत उपायांचा आश्रय घेणे म्हणजे उपलब्ध उपचार नाकारणे नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, स्वतः औषध घेण्याची सवय काही अंशी शासनानेच लावली होती. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकण्यास आरंभ झाला व ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही पसरली. ताप आला की चिकित्सकावाचून क्विनीन घ्यावे, हा या व्यवस्थेचा गर्भितार्थ होता. इन्फ्लुएन्झावर क्विनीनचा उपयोग नव्हता. तथापि मलेरियाच्या मुलखात एक ताप दुसऱ्यापासून ओळखणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. औषधांच्या विक्रीवर व्यापक नियंत्रणही नव्हते. चोप्रा समिती १९३० मध्ये नेमली गेली आणि औषधविषयक कायदा १९४० मध्ये झाला.

अपाय केवळ घरगुती उपचारांतूनच होतो असेही नाही. अमेरिकेत त्या साथीत अ‍ॅस्पिरिनच्या दिवसाला ८ ते ३१ ग्रॅमपर्यंतच्या मात्रा वैद्यकीय शिफारशीनेच दिल्या जात, आणि काही मृत्यू त्यामुळे ओढवले असावेत, असे कॅरन स्टार्को यांनी २००९ मध्ये प्रतिपादन केले. हे मत वादातीत नाही. परंतु औषधाची तीव्रता व मात्रा हा प्रश्न, ते कोणी दिले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, एवढे त्यावरून निश्चित होते.

२०२०-२१ च्या कोविड साथीत हाच प्रश्न अधिक गंभीर रूपात उभा राहिला. आता कायदा होता, विषाणू ज्ञात होता. काढाही पुन्हा घरोघरी उकळू लागला. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची मागणी इतकी वाढली की मार्च २०२० मध्ये शासनाला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्राणवायूची गरज असलेल्या रोग्यांना तारते, पण तशी गरज नसलेल्यांना लाभदायक ठरत नाही, असे जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीतून दिसून आले. तरीही स्टेरॉइडचा अनाठायी वापर झाला. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्यूकरमायकोसिस फैलावला, तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबरच या वापराकडेही वैद्यकतज्ज्ञांनी लक्ष वेधले.

दोन्ही साथींत लोकांची वृत्ती फारशी बदललेली दिसत नाही. बदलले ते औषधांचे सामर्थ्य. १९१८ चा काढा निरुपयोगी ठरला तरी बहुधा निरुपद्रवी होता. घरातील सारीच माणसे आजारी पडल्यावर रोग्याला पाणी व पेज देणारा हात उरू नये, ही त्या वेळची खरी उणीव होती. त्यानंतरच्या शतकात प्रभावी औषधे सामान्यांच्या हाती आली. त्यांच्या वापराचा विवेक देणारा चिकित्सक मात्र तितक्या सुलभतेने खेड्यापर्यंत पोहोचला नाही. म्हणून स्वयंउपचाराचा इतिहास हा जनतेच्या अज्ञानाचा इतिहास असण्यापेक्षा, औषध आणि चिकित्सक यांच्यात पडत गेलेल्या अंतराचा इतिहास म्हणून अभ्यासणे अधिक युक्त होय.